जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे पॉवर व्हॉल्व्ह: आधी मोजमाप, मग खरेदी

जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरात आला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘ईएल३४ कुठल्या कंपनीचे घालू?’ (ईएल३४ हा पॉवर व्हॉल्व्हचा, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या व्हॉल्व्हचा, एक प्रकार.) हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. नव्या जोडीची प्लेट (काचेच्या आतला, करंट गोळा करणारा पत्रा) दोन दिवसांत लाल होते, विक्रेत्याच्या नावाने बोटं मोडली जातात, आणि चॅसीच्या पोटात साठ वर्षांचा गळका कपलिंग कंडेन्सर (आधीच्या स्टेजचा सिग्नल पुढे देणारा आणि डीसी अडवणारा) तसाच बसलेला असतो. सर्किट व्हॉल्व्हला काय देतं आणि त्याच्याकडून काय मागतं, हे मोजून झालं की निवड जवळजवळ आपोआप होते. म्हणून खालच्या क्रमात खरेदी सहाव्या टप्प्यावर येते.

उदाहरणासाठी मुख्यतः डायनाको स्टिरिओ ७० घेतला आहे. १९५९ मध्ये बाजारात आलेला हा अ‍ॅम्प्लिफायर प्रत्येक चॅनलला दोन ईएल३४ वापरतो, आणि लोक करतात त्या जवळजवळ सगळ्या चुका त्यावर करता येतात. ईएल८४ वाल्या सेटचं गणितही जोडीला दिलं आहे.

## टप्पा १: टेबलावर काय हवं

- ६०० व्होल्ट डीसी निर्धोक मोजणारा मल्टिमीटर आणि इन्सुलेशन असलेल्या मगर-क्लिप
- २२ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड वायर लावलेला
- १०० वॅटच्या साध्या फिलामेंट बल्बचा सिरीज बोर्ड (बल्ब मेन्स आणि सेटच्या मध्ये येतो; एलईडी चालणार नाही)
- ८ ओहम, ५० वॅटचे दोन रेझिस्टर, स्पीकरच्या जागी लावायला
- कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि तुमच्याच मॉडेलची सर्किट आकृती

आकृती नसेल तर ती मिळेपर्यंत थांबा. तिच्यावाचून पुढचे टप्पे म्हणजे अंधारात चाचपडणं.

सावध: प्लग काढला तरी एचटीचे (प्लेटला लागणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजचे) कंडेन्सर ४०० व्होल्टहून जास्त धरून ठेवू शकतात. २२ किलोओहमचा रेझिस्टर एचटी आणि चॅसीमध्ये वीसेक सेकंद धरा, मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. पेचकसाने शॉर्ट करून ‘फट्’ आवाज काढण्याची जुनी सवय कंडेन्सरलाही वाईट आणि हातालाही. सेट चालू असताना मोजायचं तर काळी क्लिप आधी चॅसीला लावा आणि एकाच हाताने काम करा.

## टप्पा २: मुळात कोणता व्हॉल्व्ह होता?

सॉकेटमध्ये आज जो बसला आहे तो मूळचा असेलच असं नाही. चोर बाजारातून आलेल्या सेटमध्ये तर तो ‘बसला म्हणून बसवला’ असाही असू शकतो. ऑक्टल (आठ पिनांचा) बेस एकच असल्यामुळे ईएल३४, ६एल६, केटी८८, ६व्ही६ आणि ७५९१ हे सगळे त्याच भोकांत जातात. बसतात म्हणजे चालतात असं नाही.

१. चॅसीवरचा किंवा तळाच्या पत्र्यावरचा व्हॉल्व्हचा तक्ता वाचा आणि आकृतीशी ताडून पाहा.

२. सेट बंद आणि डिस्चार्ज करून पिना तपासा. ईएल३४ मध्ये १ नंबरला सप्रेसर ग्रिड (प्लेटजवळची जाळी) असते आणि ती ८ नंबरच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) बाहेरून जोडावी लागते. ६एल६जीसीच्या सॉकेटवर १ नंबर बहुधा मोकळा असतो, किंवा कारागिराने तिथे दुसराच एखादा रेझिस्टर टेकवलेला असतो. तिथे तसाच ईएल३४ खोचला तर सप्रेसर अधांतरी राहते.

३. ७५९१ चं सगळंच वेगळं. त्याचा कॅथोड ५ वर आणि कंट्रोल ग्रिड (करंट आवरणारी, सिग्नल घेणारी जाळी) ६ वर. उरलेल्या मंडळींची कंट्रोल ग्रिड ५ वर आणि कॅथोड ८ वर. त्यामुळे ७५९१ च्या जागी ६एल६ हवाच असेल तर सॉकेटची वायरिंग बदलावी लागते.

नावांचा घोळही इथेच मिटवा. ६सीए७ म्हणजे ईएल३४, ६बीक्यू५ म्हणजे ईएल८४. शेपटाकडे मात्र नीट बघा: ६एल६जीची प्लेट १९ वॅटची, ६एल६जीसीची ३० वॅटची. जुन्याच्या जागी नवा चालतो, उलट नाही. रशियन ६पी३एस बाजारात सर्रास ‘६एल६’ म्हणून विकला जातो. त्याची मर्यादा २०.५ वॅट आहे, म्हणजे तो ६एल६जीचा भाऊ. जीसीच्या जागी घातला तर भाजून निघेल.

## टप्पा ३: मेन्स आणि फिलामेंट

अमेरिकेतून आलेला सेट ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनलेला असतो. आपल्याकडे तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर लावतात, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. विसरलं जातं ते ५० हर्ट्झचं. तेवढ्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर कोअरमधला चुंबकीय फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतो आणि ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. स्टिरिओ ७० चा पॉवर ट्रान्सफॉर्मर मुळातच गरम चालतो, म्हणून त्याला १२० व्होल्ट देऊ नका. ११२ ते ११५ पुरे. स्टेप-डाउन गुंडाळून घेणार असाल तर १०५, ११०, ११५ आणि १२० असे टॅप मागा, क्षमता किमान ५०० व्हीए ठेवा, आणि प्रायमरी-सेकंडरी वेगळ्या असलेलाच घ्या. ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण जुन्या दोन पिनांच्या सेटची चॅसी त्यावर मेन्सपासून सुटी राहत नाही.

सेट सिरीज बोर्डवर लावून चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. व्हॉल्व्हचा विषय तिथेच थांबवा. ठीक असेल तर बोर्ड काढून थेट लावा आणि पॉवर व्हॉल्व्हच्या पिनांवर (ऑक्टलला २ आणि ७, ईएल८४ ला ४ आणि ५) फिलामेंटचा एसी व्होल्टेज मोजा.

तपासणी: ६.० ते ६.६ व्होल्टच्या आत हवा. इथला २३० चा मेन्स रात्री २४५ ला गेला तर ६.३ चे ६.७ होतात. मोजमाप संध्याकाळी आणि रात्री उशिरा असं दोनदा घ्या, आणि टॅप रात्रीच्या आकड्यावरून ठरवा.

## टप्पा ४: व्हॉल्व्हच्या शेजाऱ्यांची झाडाझडती

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. नवे व्हॉल्व्ह मरतात ते इथल्या आळसामुळे.

कपलिंग कंडेन्सर. हा गळला की आधीच्या स्टेजचा पॉझिटिव्ह व्होल्टेज पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर येतो, बायस (करंट आवरायला ग्रिडवर ठेवलेला निगेटिव्ह व्होल्टेज) ढळतो आणि प्लेट लाल होते. तपासणी अशी: एका चॅनलचे पॉवर व्हॉल्व्ह काढा, सेट चालू करा आणि ग्रिड रेझिस्टरच्या दोन्ही टोकांवर मीटर लावा. ग्रिड ते चॅसी असं मोजू नका. फिक्स्ड बायसमध्ये (बायस वेगळ्या सप्लायमधून येतो तेव्हा) १० मेगओहमचा मीटर स्वतःच २७० किलोओहममधून करंट ओढतो, ३५ व्होल्टवर जवळपास एका व्होल्टचा फरक दाखवतो, आणि चांगला कंडेन्सर गळका वाटतो. रेझिस्टरवर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कंडेन्सर बदला: तीच किंमत, ६३० व्होल्ट, पॉलिप्रॉपिलिन. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत असे कंडेन्सर मिळतात, आणि एका व्हॉल्व्हच्या मानाने ते कवडीमोल असतात. एक गळला असेल तर चारही बदला.

सावध: चारही पॉवर व्हॉल्व्ह एकदम काढू नका. भार नसला की एचटी पीकला चढते आणि स्टिरिओ ७० मध्ये ती ५२५ व्होल्टच्या फिल्टर कंडेन्सरच्या अगदी जवळ पोहोचते.

बायस सप्लाय. स्टिरिओ ७० मध्ये मूळचा सेलेनियम रेक्टिफायर असतो. म्हातारपणी तो कमी व्होल्टेज देऊ लागतो, निगेटिव्ह बायस घटतो आणि चारही व्हॉल्व्ह एकत्र तापतात. त्या जागी १एन४००७ डायोड घाला आणि बायसचे दोन ५० मायक्रोफॅरडचे कंडेन्सर नवे टाका. हे निगेटिव्ह सप्लायचे कंडेन्सर, म्हणून त्यांचं पॉझिटिव्ह टोक चॅसीला जातं. सवयीने उलटे लावणारे पुष्कळ आहेत. डायोडमुळे बायस थोडा जास्त निगेटिव्ह होतो, तेव्हा बायसचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) पूर्ण फिरवून हवी ती मर्यादा अजून मिळते का ते बघा.

कॅथोड बायस (वेगळ्या सप्लायऐवजी कॅथोडच्या रेझिस्टरमधून मिळणारा) असेल तर कॅथोडचा रेझिस्टर आणि त्याला समांतर असलेला इलेक्ट्रोलिटिक, दोन्ही मोजा. रेझिस्टर छापील किमतीपासून १० टक्क्यांहून जास्त ढळला असेल किंवा कंडेन्सर गळत असेल तर बदला.

सॉकेट. सैल झालेल्या पिना सुईने आवळा, क्लीनरने पुसा. ग्रिडच्या पिनेचा संपर्क क्षणभर सुटला की बायस जातो, आणि तेवढ्यात व्हॉल्व्ह लाल होतो.

## टप्पा ५: पत्रिका जुळवणं

आता आकडे. पाच गुण जुळायला हवेत: प्लेटचे वॅट, प्लेट आणि स्क्रीन ग्रिडचा (कंट्रोल ग्रिडच्या पुढच्या जाळीचा) व्होल्टेज, फिलामेंटचा करंट, ग्रिड रेझिस्टरची मर्यादा आणि पिना. पिना टप्पा २ मध्ये झाल्या.

फिलामेंट करंट (६.३ व्होल्टवर, अँपिअरमध्ये): ६व्ही६जीटी ०.४५, ईएल८४ ०.७६, ७५९१ ०.८, ६एल६जीसी आणि ५८८१ ०.९, केटी६६ १.२७, ईएल३४ १.५, केटी८८ आणि ६५५० १.६.

चार ६एल६जीसीच्या सेटमध्ये चार ईएल३४ घातले तर ट्रान्सफॉर्मरवर २.४ अँपिअरचा जादा बोजा पडतो. सेट वाजतो, तक्रार करत नाही, आणि काही महिन्यांनी ट्रान्सफॉर्मर जळतो. जळलेला व्हॉल्व्ह पुन्हा मिळतो, मूळचा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही.

प्लेटचे वॅट. ईएल८४ चं उदाहरण घ्या. समजा प्लेट ३२० व्होल्टवर आहे, प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र २७० ओहमचा कॅथोड रेझिस्टर आहे आणि त्यावर ११.५ व्होल्ट दिसतात.

- एकूण करंट: ११.५ ÷ २७० = ४२.६ मिलिअँपिअर
- यात स्क्रीनचा वाटा सुमारे दहावा हिस्सा, म्हणून प्लेटचा करंट ३८ च्या आसपास
- प्लेट ते कॅथोड: ३२० − ११.५ = ३०८.५ व्होल्ट
- वॅट: सुमारे ११.८

ईएल८४ ची मर्यादा १२ वॅट आणि ३०० व्होल्ट. म्हणजे वॅट काठावर आणि व्होल्टेज काठाबाहेर. त्या काळचे कारखाने असं सर्रास करत. अशा सेटला साधा ईएल८४ घेऊ नका. ७१८९ च्या दर्जाचा घ्या (प्लेट ४०० व्होल्ट), किंवा रशियन ६पी१४पी-ईव्ही. कॅथोड रेझिस्टर ३०० ते ३३० ओहमपर्यंत वाढवला तर आणखी चांगलं. ७१८९ए मिळाला तर घालण्यापूर्वी सॉकेट बघा. ईएल८४ च्या १, ६ आणि ८ या पिनांपैकी काही त्यात आतून जोडलेल्या असतात, आणि त्या पिनांवर कारागिराने काही टेकवलं असेल तर गडबड होते.

ग्रिड रेझिस्टर. हा गुण कुणी बघत नाही. पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडमधून थोडासा उलटा करंट वाहतोच. रेझिस्टर मोठा असेल तर त्यावर पॉझिटिव्ह व्होल्टेज तयार होतो, बायस घटतो, व्हॉल्व्ह आणखी तापतो, करंट आणखी वाढतो आणि शेवट लाल प्लेटने होतो. फिक्स्ड बायसमधल्या छापील मर्यादा अशा: ईएल३४ ला ५०० किलोओहम, केटी८८ ला ३५ वॅटपर्यंत २२०, ६एल६जीसी आणि ६व्ही६जीटीला १००, ६५५० ला फक्त ५०.

स्टिरिओ ७० मध्ये २७० किलोओहम आहेत. ईएल३४ ला ते आरामात चालतात. त्याच सॉकेटमध्ये ‘जास्त ताकदवान’ म्हणून ६५५० घालणारा माणूस मर्यादेच्या पाचपटीहून पुढे गेलेला असतो, आणि त्याला तो व्हॉल्व्ह ‘डिफेक्टिव्ह’ वाटतो. फिशर ५००-सी या रिसीव्हरमध्ये ७५९१ ला ३३० किलोओहम आहेत. आजच्या उत्पादनातले ७५९१ घालण्यापूर्वी ते २२० वर आणा.

तपासणी: पाचपैकी एक गुण जरी जुळला नाही तरी तो व्हॉल्व्ह यादीतून काढा. ‘एवढ्याने काय होतंय’ हे वाक्य इथे महागात पडतं.

## टप्पा ६: खरेदी

जोडी की चौकडी? स्टिरिओ ७० मध्ये चॅनलला एकच बायस पॉट आहे. त्यामुळे एका चॅनलमधले दोन व्हॉल्व्ह एकमेकांशी जुळलेले हवेत, कारण फरक राहिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये डीसी उरते आणि खालचे सूर फाटतात. डाव्या चॅनलचा उजव्याशी जुळायची गरज नाही. दोन मॅच्ड जोड्या पुरतात; मॅच्ड चौकडीचे जादा पैसे वाचवा. प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतःचा पॉट असेल तर मॅचिंगचा आग्रह आणखी सैल होतो.

विक्रेत्याला विचारा: ‘किती प्लेट व्होल्टेजला, किती बायसला, किती करंट आला?’ जोडीतल्या दोन्ही व्हॉल्व्हचे करंट एकमेकांच्या ५ टक्क्यांच्या आत हवेत. ‘टेस्टरवर दोन्ही हिरव्यात आहेत’ हे उत्तर नव्हे. साधा एमिशन टेस्टर कमी व्होल्टेजवर मोजतो. ४०० व्होल्टवर तीच जोडी एकमेकांना ओळख दाखवेल असं नाही.

नवा की जुना साठा? आजच्या बाजारातले मुलार्ड, टंग-सोल आणि गोल्ड लायन ही नावं जुनी असली तरी माल रशियातल्या साराटोवच्या कारखान्यातला आहे, जेजे स्लोव्हाकियाचे. रोज वाजवायच्या सेटला नवे घ्या. जुना साठा घेणारच असाल तर काचेवरच्या रंगीत छपाईवर विश्वास ठेवू नका, ती कुणीही नव्याने छापतो. मूळ मुलार्डच्या काचेवर तळाशी बारीक राखाडी अक्षरांत दोन ओळींचा कोड असतो. ईएल३४ वर पहिल्या ओळीत एक्सएफ२ सारखी खूण येते. दुसरी ओळ कारखान्याच्या अक्षराने सुरू होते (ब्लॅकबर्नसाठी बी) आणि पुढे वर्ष, महिना, आठवडा. टेलिफुंकनच्या नऊ पिनांच्या व्हॉल्व्हला पिनांच्या मधोमध काचेतच उठवलेला हिरा असतो. बंगळुरूच्या बीईएलचे व्हॉल्व्ह जुन्या दुकानांत अजून सापडतात. न वापरलेले असतील तर जरूर घ्या.

हातात घेतल्यावर चार गोष्टी बघा. गेटरचा (उरलीसुरली हवा शोषणाऱ्या थराचा) काचेवरचा चकचकीत डाग पांढरा पडला असेल तर हवा शिरली आहे, नकोच. काच बेसपासून हलते का? टिचकी मारल्यावर आत काही सुटं वाजतं का? ऑक्टलच्या मधल्या दांड्याची खाच शाबूत आहे का? ती तुटलेली असली की व्हॉल्व्ह उलटसुलट कसाही बसतो आणि पहिल्याच स्विचला काम तमाम.

## टप्पा ७: बसवणं

१. सेट बंद असताना स्पीकर किंवा ८ ओहमचे रेझिस्टर जोडा. रिकाम्या टर्मिनलवर पॉवर व्हॉल्व्ह चालवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडते. लाउडस्पीकरवाल्यांकडचा जुना पीए अ‍ॅम्प्लिफायर असेल तर ८ ओहमचा भार १०० व्होल्ट लाइनच्या टर्मिनलवर लावू नका, कमी ओहमचा टॅप शोधा.

२. फिक्स्ड बायसमध्ये पॉट सगळ्यात जास्त निगेटिव्हकडे फिरवा. नवे व्हॉल्व्ह घालण्यापूर्वी (एका वेळी एकाच चॅनलचे जुने काढून) ५ नंबरच्या पिनेवर निगेटिव्ह व्होल्टेज खरोखर येतो का ते मोजा. ईएल३४ ला ३० ते ४० व्होल्टच्या घरातला बायस लागतो. तिथे शून्य दिसत असेल तर व्हॉल्व्ह डब्यातच राहू द्या.

३. बेसला धरून सरळ दाबा, काचेला धरून पिळू नका. पहिल्यांदा सिरीज बोर्डवरच चालू करा.

सावध: प्लेटवर मंद नारिंगी-लाल डाग दिसला की ताबडतोब बंद करा. ‘थोडं बघूया’ नको. काचेच्या आतल्या बाजूला चिकटलेली निळी झाक निरुपद्रवी असते. प्लेट आणि कॅथोडच्या मधली पोकळी जांभळी-गुलाबी भरलेली दिसली तर आत गॅस आहे, व्हॉल्व्ह परत करा.

## टप्पा ८: बायस

स्टिरिओ ७० च्या माहितीपत्रकात १.५६ व्होल्टला बायस लावायला सांगितलं आहे. दोन व्हॉल्व्हच्या सामाईक १५.६ ओहमच्या रेझिस्टरवर तेवढा व्होल्टेज म्हणजे १०० मिलिअँपिअर, प्रत्येकी ५०. (हा आकडा नव्या कोऱ्या टॉर्चच्या सेलचा. त्या काळच्या घरगुती मीटरची खातरजमा सेलवर करता यावी, म्हणून रेझिस्टरच तसा निवडला.) ४१५ व्होल्टच्या एचटीवर ते व्हॉल्व्हमागे सुमारे २०.७ वॅट होतात, म्हणजे २५ च्या मर्यादेचे ८३ टक्के. ते आज नको. ७० टक्के धरा: १७.५ ÷ ४१५ = ४२ मिलिअँपिअर, जोडीचे ८४, म्हणजे रेझिस्टरवर १.३१ व्होल्ट. तापमान उतरतं, ट्रान्सफॉर्मर निवांत राहतो आणि कानाला फरक कळणं कठीण. कॅथोड बायसच्या सेटला ८५ ते ९० टक्के चालतात.

आधी १.० व्होल्टवर आणा आणि वीस मिनिटं थांबा. मग दोन्ही चॅनल आळीपाळीने १.३१ वर आणा, कारण एचटी सामाईक आहे आणि एक हलवला की दुसरा सरकतो. १५.६ ओहमचे रेझिस्टर आधी मोजून घेतलेत ना? ते ढळलेले असतील तर हे सगळं गणित खोटं.

सामाईक रेझिस्टरवरून दोन व्हॉल्व्हमधला फरक कळत नाही. त्यासाठी प्रत्येक कॅथोडला स्वतंत्र १० ओहम, १ टक्क्याचा रेझिस्टर लावा. ४२० मिलिव्होल्ट म्हणजे ४२ मिलिअँपिअर, भागाकाराची कटकट नाही. जोडीत ३ मिलिअँपिअरपर्यंतचा फरक सोडून द्या. जास्त असेल तर दोघांची जागा अदलाबदल करा. फरक व्हॉल्व्हबरोबर गेला तर दोष व्हॉल्व्हचा. सॉकेटशीच राहिला तर टप्पा ४ मध्ये परत जा.

तपासणी: अर्ध्या तासानंतरही आकडा हळूहळू वर चढतच असेल तर पॉट फिरवून तो दाबत बसू नका. गॅस असलेला व्हॉल्व्ह किंवा गळका कंडेन्सर, दोघांपैकी एक नक्की.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, मग वीसेक तास वाजल्यावर, पुढे दर तीन-चार महिन्यांनी. प्रत्येक आकडा, तारीख आणि त्या वेळचा मेन्स चॅसीच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा. जोडीतला एकच गेला तर जुन्या कागदावरचा करंट सांगून त्याला जुळणारा एक व्हॉल्व्ह मागवता येतो, अख्खी जोडी घ्यावी लागत नाही.